पोच न मिळालेली शीळ

लिथारी
२ ऑक्टोबर १९७९

ताई,

तू आणि भाऊजी सुखरूप असाल. मी घरी आलोय आणि जिवंत आहे, एवढ्यावर समाधान मान. माझा जबडा मोडला. एके ठिकाणी नाही, दोन ठिकाणी. मोठ्या इस्पितळात नेऊन त्यांनी तो कापला, जुळवला, आणि वरचे दात खालच्या दातांना तारेनं आवळून टाकले. आपण शेळ्यांच्या वाड्याचं फाटक आवळतो ना, तसे. आठ आठवडे हे असंच. १९ नोव्हेंबरला तारा निघणार. तोवर नळीतून जे वर चढेल ते जेवण.

कसा मोडला असं विचारशील. खडकावरून घसरलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

भूक मी सोसतो, पण गप्प बसणं सोसत नाही. दातांच्या फटीतून थोडंफार बोलता येतं असं शेजारच्या खाटेवरचा म्हणाला होता. करून बघितलं. पिंपात अडकलेलं मांजर बोलेल तसलं काहीतरी निघालं आणि डॉक्टर धावत आले. बोलायचं नाही, हाड सरकेल, असा दम दिला. शीळ घालू नकोस असं मात्र काही म्हणाले नाहीत. अथेन्सचा माणूस तो. इथं डोंगरात लोक शिळेनं बोलतात, भांडतात, एकमेकांची उणीदुणी काढतात, हे त्याला कोण सांगणार?

तर ओठ शाबूत आहेत आणि शीळ निघते. पण ताई, जन्मभर शीळ घालत आलो तरी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. शिळेत सगळं बोलता येतं, फक्त हळू बोलता येत नाही. आणि वर आपला तो नियम. तीस वर्षं पिरेयसला राहून विसरली असशील म्हणून सांगतो: कानावर पडलेली शीळ पुढं द्यायची, एक अक्षर न बदलता, आणि ज्याची आहे त्याच्याकडून पोचेची शीळ येईपर्यंत देत राहायचं.

शुक्रवारी मी पागोनामावशीला एवढंच विचारलं, घरात सुके अंजीर आहेत का, उकळून पाणी प्यायचंय, चार दिवस पोट साफ नाही. मावशी ओढ्यावर गेली होती. पोच आली नाही. झालं, बार्बा-नोतिसनं मधल्या टेकडीवरून ती पुढं दिली, खालच्या आळीनं आणखी पुढं दिली, आणि दुपारपर्यंत अठराच्या अठरा घरांना माझ्या पोटाची खबर. संध्याकाळी दारात अंजिरांचे नऊ डबे. रविवारी चर्चमध्ये पापा-सोतिरिसांनी प्रसादाचा पाव हातावर ठेवता ठेवता सगळ्यांदेखत विचारलं, "झालं का?"

आणखी एक. तारांमुळे माझ्या शिळेत एक बारीक किनरा सूर शिरलाय. नोतिसच्या शेळ्यांना तो भलताच आवडतो. मी कुणाशी दोन शब्द बोललो की चाळीस शेळ्या येऊन भोवती उभ्या राहतात आणि ऐकत बसतात.

फोन करू नकोस. कॉफीच्या दुकानातल्या फोनवर मी शीळ घातली की एक्स्चेंजमधली बाई मला वाह्यात समजून फोन ठेवते.

पलीकडच्या उतारावरच्या आसिमिनाला मेलबर्नहून पोराचं पत्र आलंय. ते तसंच पडलंय. तिला वाचता येत नाही, मला बोलता येत नाही, आणि दुसऱ्या कुणी वाचलेलं तिला चालत नाही.

तुझा
स्तामातिस

●

पिरेयस
८ ऑक्टोबर

स्तामाती,

तुझं पत्र वाचून आधी रडले. मग अंजिरांपाशी आले आणि ह्यांना वाचून दाखवलं. हे अजून हसताहेत, मी कितीदा डोळे वटारले तरी.

खाण्याची हयगय करू नकोस. मसुराचं सूप दोनदा गाळ, चीज गाळायचं फडकं आहेच तुझ्याकडं. मेंढीच्या मानेचं हाड चार तास उकळ, वरून अंडं आणि लिंबू. मी इथं ऑक्टोपस मिक्सरमधून काढून बघितला. रंग सिमेंटसारखा येतो, पण डोळे मिटून प्यायला तर ऑक्टोपसच लागतो.

तुझ्यासाठी नवस बोलले. देवीच्या तसबिरीपाशी टांगायला पत्र्याचा जबडा आणायला गेले, तर दुकानात जबडा नाही. डोळे आहेत, पाय आहेत, हृदय, बाळं, एक गायसुद्धा होती. दुकानदार म्हणाला, जबड्याला गिऱ्हाईक नाही. शेवटी अख्खं डोकं घेतलं आणि ह्यांच्याकडून नाकाच्या वरचं कापून घेतलं. देवीला कळेल.

आता कामाचं. आमच्या खालच्या मजल्यावर इसिदोरोस म्हणून एक गृहस्थ राहतात. जहाजावर आचारी होते, आता पेन्शन घेऊन घरी. बायको जाऊन चार वर्षं झाली. माणूस सरळ. दोन खोल्या, गॅलरी, फ्रीज. मी त्यांना आसिमिनाचं नाव सुचवलं. बारा वर्षं झाली तिचा नवरा जाऊन, पोरगा परदेशात, बिचारी एकटी तीन शेळ्या आणि दगडधोंडे राखत बसलीय. तुझ्या नावाच्या संताच्या सणाला काढलेला फोटो होता, त्यात ती मागं उभी आहे ताट घेऊन. तो दाखवला. पसंत पडली. त्यांचं पत्र सोबत जोडलंय. तिची पत्रं तूच वाचतोस, तेव्हा हेही तूच वाचून दाखव. विधवेचं घर उभं राहील, तुला पुण्य लागेल. उशीर नको.

तुझी
गारुफालिया

●

लिथारी
१४ ऑक्टोबर

ताई,

मसुराचं सूप जमलं. ऑक्टोपस मी करणार नाही.

पत्र मिळालं. इसिदोरोसचंही. फडताळात ठेवलंय. तू म्हणतेस वाचून दाखव, पण कसं दाखवू? माझं तोंड असं. तारा निघाल्यावर बघू. घाई कशाला? एवढी बारा वर्षं गेली, आणखी पाच आठवड्यांनी काय बिघडतंय?

शिवाय मला विचारशील तर पिरेयसची हवा तिला मानवायची नाही. तिकडं धूर फार. तिच्या शेळ्या कोण बघणार? त्यातली एक आंधळी आहे. आणि जहाजावरचा आचारी म्हणजे तेलकट खाण्याचा माणूस. ती फार कमी तेलात करते. तिच्या हातच्या रानभाज्यांना तर तेल दिसतसुद्धा नाही, तरी काय चव असते.

हे आपलं सहज लिहिलं.

इथं सगळं ठीक. काल नोतिसशी राजकारणावर वाद घालत होतो, तर शेळ्यांची एवढी गर्दी झाली की पलीकडच्या गावच्या लोकांना बाजार भरलाय असं वाटलं.

स्तामातिस

●

पिरेयस
२० ऑक्टोबर

स्तामाती,

मला सगळं कळलं. मी तुझी बहीण आहे, ओळी वाचते तशी ओळींमधलंही वाचते. ती गेली की चीजची फडकी कोण धुऊन देणार, वर्षाच्या रानभाज्या कुठून येणार, ही तुझी चिंता. पुरुष इथूनतिथून सारखे. काळजी करू नकोस, तुझ्यासाठीही एक बघून ठेवलीय. पन्नाशीची, कामसू, घरंदाज. एका कानानं ऐकत नाही, पण तुझ्या गावात तो गुणच म्हणायचा.

इसिदोरोस पाच नोव्हेंबरपर्यंत थांबायला तयार आहेत. त्यानंतर नाही. कारिस्तोसची एक निवृत्त शिक्षिका त्यांच्या मागं आहे आणि तिनं फोटो तीन पाठवलेत. माणूस किती दिवस थांबेल?

आणि तोंड असं आहे ही सबब मला सांगू नकोस. ओठ आहेत ना? नोतिसशी राजकारण करायला ओठ आहेत, मग गरीब बाईचं कल्याण करायला का नाहीत? शीळ घालून वाच. गावाला कळेल म्हणतोस तर कळू दे, चोरी आहे का? आई म्हणायची, दुसऱ्याचा निरोप जो मधल्यामधे गिळतो त्याच्या पोटात तो सडतो. तुझं पोट आधीच कसं आहे ते अठरा घरांना ठाऊक आहे.

एक अक्षर गाळायचं नाही.

गारुफालिया

●

लिथारी
३० ऑक्टोबर, मंगळवार

ताई,

झालं ते सगळं सांगतो, मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

आधी एक कबुली. मी खडकावरून घसरलो नव्हतो. मी खेचरासमोर उभा राहून भाषण पाठ करत होतो. आसिमिनाला काय सांगायचं ते मी अकरा वर्षं मनात घोळवतोय. सप्टेंबरात ठरवलं, आता बास, या सुगीत बोलायचं. पण माझी जीभ शेळ्या, चीज आणि सरकार यांवर चालते, ह्या विषयावर चालत नाही. म्हणून तालीम. खेचर ऐकून घेतं, मध्ये बोलत नाही. "आसिमिना, मी आता बावन्न वर्षांचा" इथवर आलो, नम्रपणे मान खाली घातली, आणि त्याच वेळी त्यानं मान वर झटकली. पुढचं तुला माहीत आहे.

हो, अकरा वर्षं. हसायचं तर हस. मी तिच्यावर प्रेम करतो. हे मी कागदावरसुद्धा आज पहिल्यांदा लिहितोय.

इसिदोरोसचं पत्र दोनदा चुलीपर्यंत नेलं. दोनदा परत आणलं. तुझं ते पोटात सडण्याचं वाचलं आणि ठरवलं, वाचून टाकावं. अठ्ठावीसला रविवार आणि वर सण, त्यामुळं कुणी शेतावर गेलेलं नव्हतं. अंगणात उभा राहिलो. आधी तिला शीळ घालून सांगितलं की पिरेयसहून पत्र आहे, लग्नाची मागणी आहे, दार लावून ऐकण्यासारखं आहे, पण माझं तोंड हे असं. थांबायचं तर थांबू.

तिनं उलट शीळ घातली, "वाच."

तोवर अठरा घरं बाहेर आली. खुर्च्या आणल्या. पागोनामावशीनं विणकाम आणलं.

"माननीय बाई, मी स्वच्छ माणूस आहे." इथंच खालच्या आळीतून विचारणा आली, म्हणजे किती? मी पुढचं वाचलं, आठवड्यातून दोनदा आंघोळ. खालच्या आळीला ते पटलं. शेळ्या येऊन बसल्या. पेन्शन सगळ्यांना आवडलं. गॅलरीचं वाचल्यावर एक जण म्हणाला, तिथून समुद्र दिसतो का, तर पत्रात तसं काही नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं.

मग फ्रीज आला. ताई, शिळेत फ्रीज नाही. मी "थंड कपाट" म्हटलं. पागोनामावशीनं विचारलं, कपाट थंड का? भिंतीला ओल आहे का? नोतिस म्हणाला, ओलीच्या घरात आपल्या गावची बाई देऊ नये. त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली आणि इसिदोरोसचं लग्न ओलीपायी जवळपास मोडलं. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसावंसं फार वाटलं, तुझ्यापासून काय लपवायचं. पण ते खोटं होतं. मग मीच समजावलं, ओल नाही, ते विजेवर चालतं, उन्हाळ्यात आत बर्फ होतो, दूध आठ दिवस नासत नाही. दूध नासत नाही म्हटल्यावर सगळा डोंगर फ्रीजच्या बाजूनं झाला.

रेडिओ चालू असताना बायकोनं बोलू नये, हे वाचलं. बायका हसल्या. गुडघे दुखतात, चोळायला कुणी हवं, हे वाचलं. सहीपर्यंत सगळं वाचलं. पावणेदोन तास लागले, ओठांना भेगा पडल्या.

तिनं पोच दिली. मग तिची शीळ आली, "पत्र ऐकलं. वाचणाऱ्याचं काय म्हणणं आहे?"

भाषण मला तोंडपाठ होतं. पण समोर अठरा घरं, चाळीस शेळ्या, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडं दारात उभी असलेली ती, अंगठ्याएवढी दिसणारी. मला एक वाक्य आठवेना. बावन्न वर्षांचा आहे एवढंच आठवलं, आणि ते तिला माहीत आहे. एकच शब्द निघाला. "राहा."

नोतिसनं तो पुढं दिला. पोच आली नाही. त्यानं पुन्हा दिला. मग नियमानं खालच्या आळीनं दिला, पागोनामावशीनं विणकाम ठेवून दिला. पापा-सोतिरिस पदाला शोभत नाही म्हणून हल्ली शीळ घालत नाहीत, त्यांनीही दिला. आसिमिनाची सासू नव्वदीची, तिला दात नाहीत, तिनंही ओठ मुडपून थोडी हवा सोडली. सगळ्या उतारांवरून तिला एकच सांगणं, राहा, राहा, राहा. ती ऐकत उभी होती. मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

आज तिसरा दिवस. पोच नाही. आणि पोच नाही तोवर थांबता येत नाही, म्हणून नोतिसनं पाळ्या लावल्यात. सकाळी वरची घरं, दुपारी खालची. लोक मला शिव्या घालताहेत आणि माझाच शब्द पुढं देताहेत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पाच तारखेला तिला तुम्हाला उत्तर द्यायचंय. ती गेली तर माझ्या तारा निघाल्या काय आणि न निघाल्या काय, मला बोलायचं कुणाशी आहे? हे इथं कुणापाशी बोलून दाखवता येत नाही, म्हणून तुला लिहिलं. मला भीती वाटतेय, ताई.

स्तामातिस

●

पिरेयस
२ नोव्हेंबर

गाढवा,

अकरा वर्षं! आणि मी इथं तुझ्यासाठी एका कानाची शोधत बसले होते. मेल्या, एक ओळ लिहिली असतीस तर मी इसिदोरोसना ती फोटोतली बाई पाव्हणी आहे, परत गेली, असं सांगून मोकळी झाले असते. आता त्यांनी काल दुसरी उशी आणली. मला दाखवायला वर आले होते, पिसांची आहे. तेव्हापासून जिना उतरताना मी चपला हातात घेते.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं नाही. चार वेळा एकटीनं वाचलं. आई जाताना म्हणाली होती, ह्याच्याकडं लक्ष ठेव, हा मनातलं बोलत नाही. मला वाटलं, आईचं काहीतरीच, एवढा बडबड्या पोरगा. चूक माझी आहे. आणि वर मीच तुला एक अक्षर गाळू नकोस म्हणून बजावलं. माझ्या हातून हे व्हायचं होतं.

ती काय म्हणाली ते कळव. नाही म्हणाली असली तरी कळव. तसं झालं तर मी इथलं घर ह्यांच्यावर टाकून महिनाभर तुझ्याकडं येते, आणि तिला न्यायला इसिदोरोसनाच येऊ दे, मी तिचं गाठोडं उचलणार नाही.

अजून चालूच आहे का ते पाळ्यांचं?

ताई

●

लिथारी
५ नोव्हेंबर

गारुफालियाताई,

हे पत्र आसिमिना सांगतेय. अक्षर तुमच्या भावाचं आहे. त्याला मी बजावलंय की मी म्हणेन ते सगळं लिहायचं, काही गाळायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही. तो मान हलवतोय. मान हलवल्याचं लिहू नकोस. लिहिलंस? बरं, राहू दे.

सकाळी ओढा उतरून आले, दीड तास लागला. मला बघून हा शीळ घालायला लागला. मी त्याच्या ओठांवर हात ठेवला आणि म्हटलं, कागद आण, तुझ्या बहिणीला पत्र लिहायचंय. आणला.

इसिदोरोसांना सांगा, त्यांचं पत्र चांगलं होतं. माणूस खरा आहे, गुडघ्यांचं लपवलं नाही. पण मी येणार नाही. लिही. थांबलास का? येणार नाही असंच म्हटलंय मी, बरोबर ऐकलंस. त्यांची उशी वाया जायला नको, त्या कारिस्तोसच्या बाईंना होकार कळवायला सांगा. उशीचं आणि त्या बाईंचं मला ठाऊक आहे, कारण तुमची पत्रं टेबलावर होती आणि ती मी ह्याला बोटानं ओळी दाखवत शीळ न घालता फक्त ओठ हलवून वाचायला लावली. निम्मं कळलं.

आता का नाही, ते सांगते. तुम्ही मध्यस्थ, तुम्हाला कारण कळायला हवं.

अकरा वर्षं हा मला माझ्या पोराची पत्रं वाचून दाखवतो. दर पत्राच्या शेवटी असतं, "आई, तुझी फार आठवण येते." ताई, माझा पोरगा असं बोलत नाही. तो बापावर गेलाय. ट्रकची किंमत सांगेल, पाऊस किती पडला ते सांगेल, आणि सही. ते वाक्य हा पदरचं घालतो हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. मी बोलले नाही, कारण ते ऐकायला मी महिना महिना वाट बघायचे. लिही. लाजू नकोस, खाली बघून लिही.

म्हणजे घालणं, गाळणं ह्याला चांगलं जमतं. त्या रविवारी मी दारात उभी राहून बघत होते की आता हा काय गाळतो. दोन खोल्यांची एक करेल, पेन्शन बुडवेल, ते ओलीचं तसंच राहू देईल. ह्यानं काहीच गाळलं नाही. फ्रीज तर असा समजावला की घटकाभर मलाच जावंसं वाटलं. माझ्या भल्यासाठी हा माणूस अकरा वर्षं खोटं बोलला आणि स्वतःच्या भल्यासाठी एकदाही बोलला नाही. असा माणूस सोडून मी पिरेयसला कशाला जाऊ?

पोच का दिली नाही, हे सगळे विचारताहेत. नोतिस काल वाटेत आडवा आला, म्हणाला, बाई, नाही तर नाही म्हण, पण पोच दे, माझे ओठ फाटले. मी पोच दिली असती तर ते थांबलं असतं. नवरा गेल्यापासून मला कुणी जा म्हटलं नाही आणि कुणी राहा म्हटलं नाही. आठ दिवस मी शेळ्यांचं दूध काढताना ऐकलं, लाकडं फोडताना ऐकलं, भाजी निवडताना ऐकलं. कुणाची शीळ कुठली ते ओळखायला लागले. सासूबाईंची फुसकीसुद्धा. त्या बारा वर्षं माझ्याशी बोलत नव्हत्या.

आता लग्नाचं. पंधरा तारखेपासून नाताळचा उपास लागतो, मग जानेवारीपर्यंत लग्नं बंद. ह्याच्या तारा निघणार एकोणीसला. येता येता पापा-सोतिरिसांना गाठलं. ते म्हणाले, आपल्या लग्नात नवरानवरीला एक शब्द बोलायचा नसतो, बोलायचं सगळं मला, तेव्हा जबड्यानं काही अडत नाही. फक्त वाइनचा पेला दोघांनी प्यायचा असतो. मी म्हटलं, नळी चालेल का? त्यांनी पोथी काढली, चष्मा लावला, बराच वेळ चाळली. म्हणाले, नळीला मनाई कुठं दिसत नाही. तेव्हा येत्या रविवारी, अकराला. तुम्ही दोघं शनिवारच्या बोटीनं या. आमच्या डोक्यांवरच्या लग्नाच्या मुकुटांची अदलाबदल तुम्हीच करायची.

थांबलाय परत. रडतोय. स्तामाती, रडू नकोस, नाक चोंदेल, तुला तोंडानं श्वास घेता येत नाही. शिंकर आधी. हे लिहायची गरज नव्हती.

संपलं. खाली माझं नाव घाल, मी फुली मारते.

आसिमिना ✕

ताई, आता मी लिहितोय. आत्ताच ती अंगणात गेली आणि तिनं पोच दिली. नोतिसनं ती पुढं दिली, मग खालच्या आळीनं, आणि मग सगळ्या डोंगरावर एकदम शांत झालं. आठ दिवसांत मी विसरलो होतो शांत कसं असतं ते. आत येऊन ती माझ्या कानाशी वाकली आणि हळू आवाजात एक वाक्य बोलली. ते मी ह्या पत्रात लिहीत नाही.

स्तामातिस